खालना भाग फाटेल शे

धुळ्याच्या जिनात जर्मन मशीन आलं, तेव्हा
खोक्यातल्या लाकडी भुशातून एक कॅलेंडर निघालं.
नोव्हेंबरच्या पानावर किल्ला, तळ्याकाठी,
पाच मनोरे, निळसर टोकदार टोप्या घातलेले,
आणि खालचं अर्धं पान कसरीनं खाल्लेलं.
वडिलांनी ते सव्वा रुपयाला घेतलं.
स्टुडिओला नवा पडदा हवा होता,
काश्मीर पारोळ्यात आधीच दोघांकडे होतं.

सुपडू पेंटरनं मांजरपाटाला सरस-खडूचा हात दिला,
शिडीवर चढला, पान डोळ्यांशी नेलं,
खाली उतरला.
"खालना भाग फाटेल शे, भाऊ.
बुरूज काय हवावर उभा करू?"

टोणगांवकर सरांना जर्मन येत असे, थोडंसं.
पानामागची बारीक अक्षरं ते अडखळत वाचत गेले:
कुण्या राजपुत्रानं बांधला, आगगाडी सुरू झाल्यानंतर.
तिथली मूळची गढी पाडली,
ती पुरेशी जुनी दिसत नव्हती म्हणून.
जंग्या ठेवल्या, त्यांतून बाण कधी सुटला नाही.
उचलायचा पूल केला, तो कुणी उचलला नाही.
दोन मनोरे आतून भरीव,
जिना नाही, खोली नाही,
पाण्यात पडछाया बरी पडावी एवढ्यासाठीच.
तळंसुद्धा मजुरांनी खणलं, सात वर्षं.
राजपुत्र तिथं अकरा रात्री झोपला.
सर चष्मा पुसत म्हणाले, तिकडे त्या काळी
लोक गेलेल्या शतकांच्या प्रेमात पडत.

सुपडूनं कानावरची विडी काढली.
"मंग तो बी पडदाच शे ना, मास्तर!"

त्यानंतर त्याचा हात थांबला नाही.
छपरं एवढी उभी का, तेवढं मात्र विचारलं.
बर्फ घसरावा म्हणून, सर म्हणाले.
बर्फ त्यानं गोळेवाल्याच्या पेटीतला पाहिला होता,
तो असा छपरावर कशाला चढेल?
त्यानं जिनातला कापूस टाकला तिथं,
ढिगाढिगानं, एका मनोऱ्यावर तर सरकीसकट.
आणि खाली, कसरीनं खाल्लेल्या जागी
आमच्या किल्ल्याचा खंदक आणून ओतला:
काळा दगड, चुन्याच्या सांध्यात पिंपळाचं रोप,
शेवाळ,
गुडघाभर पाण्यात धुणं आपटणारी पाठमोरी बाई.
लोक म्हणत, त्याची बायको.
सुपडू काही म्हणत नसे.

पडदा पुढे फरशीवर लोळवलेला,
म्हणून जो येई तो पाण्यावरच उभा राही.
जावळ काढलेली पोरं, पलटणीत निघालेला बोळ्याचा सुकदेव,
हातरुमाल धरलेली कौतिका.
तिचा फोटो धरणगावला गेला तेव्हा निरोप आला,
मुलीच्या मागे हे कुठलं संस्थान?
तिच्या बापानं कळवलं,
आमच्याकडचंच. तळ्याच्या बाजूनं पाहिलं तर दिसतं.
लग्न जमलं.

परवा हेमराजनं, माझ्या भाच्यानं, तिकडून खरा पाठवला.
मनोरे बरोबर. टोप्या बरोबर.
दोन बोटांनी फोटो ताणत मी खाली खाली गेले.
पांढऱ्या गिलाव्याची भिंत, रंगवलेलं बाकडं,
दोन बदकं.
लिहिलं, छान आहे रे.
पण खालचं काम राहिलंय त्यांचं.

मग माळ्यावरची गुंडाळी उतरवली.
पट्ट्यापट्ट्यांनी रंग सुटत होता,
कापूस पिवळा पडलेला.
उभं राहायच्या जागी
नवरानवरींच्या टाचांनी तळं पार आटलेलं,
नुसता मांजरपाट, धाग्यावर धागा.
ती बाई मात्र कडेला होती म्हणून वाचली.
हात वर उचललेला, पिळा तसाच हातात,
आणि पाणी
तिच्या गुडघ्यांपुरतं.